मॅटचा दुसरा काठ

लाइट गेलीय तर जाऊ दे. मोबाईल खिशात ठेवा, एकमेकांच्या तोंडावर उजेड मारू नका. उद्या मॅच आहे आणि तुम्हाला झोप येत नाही, ते दिसतंच आहे. तर पडल्या पडल्या ऐका.

एक वेल्डर होता. आमच्या ओळखीतला. ही गोष्ट त्याने एकदाच सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज वर-खाली झाला नाही. वाटसरूला रस्ता सांगावा तशी सांगितली. म्हणून ती खरी वाटते. घाबरवायचं असतं तर माणूस आवाज बारीक करतो.

झालं काय, तर त्यांची क्रिकेटची टीम एका मैदानावर पिचवर अंथरायची मॅट विसरून आली होती आणि ती आणायला वेल्डर रात्रीचा एकटा गेला. एवढंच.

टीम तुमच्यासारखीच. आठवडाभर पोटापाण्याचं बघायचं आणि थंडी सुरू झाली की शनिवार-रविवार आज या गावी, उद्या त्या गावी. घरचं मैदान नव्हतं, म्हणून कायमचे पाहुणे. कॅप्टन होता बेकरीवाला, कारण गाडी त्याची होती. कॅप्टन व्हायला एवढं पुरतं. पावाची बंद गाडी, मागे दोन्ही बाजूंना ट्रेचे रॅक आणि मधल्या जागेत अख्खी टीम कोंबलेली. घरी येईपर्यंत सगळ्यांच्या अंगाला पावाचा वास. ट्रे रिकामे असले की रस्ताभर असे खडखडायचे की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

या टीममध्ये वेल्डरच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. वेल्डर त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळी टीम दाजी म्हणायची, आणि हळूहळू समोरच्या टीमसुद्धा. दाजी बॅटिंगला आले की मागून कीपर म्हणायचा, "जावयाला मुक्काम करू देऊ नका रे, आल्या वाटेने पाठवा." दाजी हसायचे आणि मुक्काम करायचे.

वेल्डर आणि दाजी ओपनिंगला. आणि मॅटही त्या दोघांकडेच. काथ्याची मॅट तुम्ही बघितलीय. अंथरायला कुणीही चालतं, पण गुंडाळायला दोनच माणसं लागतात आणि ती एकमेकांच्या हाताची असावी लागतात. एक या काठाला, एक त्या काठाला, दोघांनी वाकून सारख्या दाबाने लोटत न्यायची. एकाचा हात पुढे गेला की गुंडाळी तिरकी जाते, शंखासारखी बाहेर निघते, पुन्हा उलगडा. हे दोघं एकमेकांकडे न बघता एका दमात शेवटाला न्यायचे. खिळ्यांचंही ठरलेलं. आपापल्या काठाचे खिळे आपण उपटायचे. दुसऱ्याच्या काठाला हात लावायचा नाही.

अजून एक सांगायला हवं. अशा मॅचना अंपायर कुठून येणार? बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघं उभे राहतात. बऱ्याच टीमा आपल्या माणसाला आउट देताना डोळ्यांत धूळ गेल्यासारखं करतात. या टीमचं तसं नव्हतं. आपला माणूस आउट तर आपणच बोट वर करायचं. आणि दाजींची एक खोड होती. दांडी उडून मागे पडलेली असो, कॅच हातात असो, अंपायरचं बोट बघितल्याशिवाय ते क्रीज सोडायचे नाहीत. समोरचे चिडवायचे, दाजी, बेल्स हव्यात का घरी न्यायला? दाजी म्हणायचे, "माझ्या मनाने मी जात नसतो. घरच्या माणसाने जा म्हटलं की जातो." आणि बोट वर झालं की एक शब्द न बोलता निघायचे. वेल्डर बहुतेक वेळा आधी आउट व्हायचा आणि पॅड सोडून अंपायरिंगला उभा राहायचा, त्यामुळे दाजींना सगळ्यात जास्त वेळा आउट त्यानेच दिलेलं.

तर त्या वर्षी सीझन तोंडावर आला होता. दाजी डेअरीत बॉयलरवर होते. एका रात्री जेवून झोपले ते सकाळी उठले नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही. कुणाला निरोप द्यायला वेळच मिळाला नाही.

वेल्डरने सगळं केलं. लोकांना फोन लावले, पुढे होऊन खांदा दिला, आलेल्यांना पाणी दिलं. दोन दिवसांनी दुकान उघडलं. रडला मात्र नाही. लोक म्हणाले, माणूस आहे की लोखंड? त्याला स्वतःलाही काही कळत नव्हतं. काम करताना हातावर ठिणगी पडायची, कातडी जळाल्याचा वास यायचा, तेव्हा त्याला कळायचं की आपला हात जळतोय. जेवायचा, कारण पानात वाढलेलं असायचं. खेळायचा, कारण शनिवारी सकाळी गाडी दारात यायची.

दुकानाच्या मागे दोन खोल्या होत्या. ताई आणि तिची पोरगी तिथे राहायला आल्या. ताईला एक जुनी सवय होती. मॅचच्या रात्री ती जागीच पडून राहायची. पावाच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की कडी वाजायच्या आत दार उघडायची. दाजी गेल्यावरही ते चालूच राहिलं. गाडी आली की दार उघडायची, भावाच्या खांद्यावरून मागे बघायची आणि आत जायची.

एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या करता करता ती म्हणाली, "ते मला न्यायला येतील. आले की मी जाणार."

बसची वेळ सांगावी तसं म्हणाली. वेल्डरने विचारलं, आणि पोरीचं काय?

"तिला तू आहेस की."

ताई जेवायची नाही फारशी. वाळत चालली होती. पोरगी शाळेतून आली की आधी आई झोपली आहे का ते बघायची, नाकापुढे हात धरून. हे वेल्डरने एकदा बघितलं होतं.

आता त्या रात्रीचं.

जानेवारीतला तिसरा शनिवार. आभाळात चंद्र नाही. लांबच्या एका मैदानावर मॅच झाली आणि ही टीम जिंकली. जिंकल्यावर सामान कोण बघतो? आरडाओरडा करत सगळे गाडीत बसले. रात्री दहाच्या सुमाराला बेकरीच्या अंगणात गाडी लागली, बॅगा उतरल्या, आणि टीममधला कंपाउंडर म्हणाला, मॅट कुठाय?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या सीझनला तोवर समोरच्यांच्याच मॅटवर भागलं होतं, आपली मॅट त्या दिवशी पहिल्यांदाच काढलेली. प्रत्येकाला वाटलं होतं, मॅटचं ते दोघं बघतील. ते दोघं...

वेल्डरने आपल्या काठाचे खिळे उपटले होते. मग हात धुवायला गेला, कारण दुसरा काठ त्याचा नव्हता. हात पुसत गाडीत येऊन बसला. मॅट तिथेच राहिली, एका काठाने मोकळी, एका काठाने ठोकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरीकडे मॅच होती आणि तिथे मॅट यांनीच न्यायची होती. बेकरीवाल्याचे हात कणकेत होते. पहाटे पाव पोचवायला गाडी त्याला परत हवी होती. तो म्हणाला, कुणाला तरी बरोबर ने. कंपाउंडर येतो म्हणाला, पण त्याला रात्रपाळी होती. वेल्डर म्हणाला, तिथे वॉचमन आहे, तो हात लावेल. आणि किल्ली घेऊन निघाला.

जाताना ट्रे नेहमीसारखे खडखडत होते. रस्ता रिकामा. एक पेट्रोल पंप लागला, तोही बंद. तो कसला विचार करत होता, असं विचारलं तर म्हणाला, कसलाच नाही. गाडी चालवत होतो.

मैदानाच्या फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतं. वॉचमनच्या खोलीला मात्र कुलूप. हाका मारल्या. कुणी नाही. त्याने गाडी कडेला लावली, मोबाईलची बॅटरी लावून शर्टाच्या खिशात ठेवली आणि पहार घेऊन चालत निघाला. दव असं पडलं होतं की चार पावलांत बूट भिजले. मैदानाच्या मधोमध मॅट पडली होती. काळी. भिजून चिंब.

तो दुसऱ्या काठाला गेला. खिळे उपटायला वाकला.

खिळे नव्हते.

काठ मोकळा होता. सगळे खिळे कोपऱ्यावर एका ढिगात ठेवलेले. नीट, डोकी एका बाजूला करून. त्याला वाटलं, इथल्या पोरांनी काढले असतील. मॅट उचलून ठेवायला आली असतील, जड म्हणून सोडून गेली असतील. पटण्यासारखं होतं. त्याने खिळे पिशवीत भरले.

एकट्याने मॅट गुंडाळून बघितली. मधोमध बसून लोटली. हातभर गेली आणि तिरकी झाली. उलगडली. पुन्हा लोटली. पुन्हा तिरकी. वॉचमनची वाट बघावी तर पहाट होईल. मग तो सवयीने आपल्या काठाला जाऊन बसला. का, ते त्याला सांगता येईना. तिसऱ्यांदा लोटली.

सरळ गेली.

तो लोटत राहिला. खिशातला उजेड त्याच्या हातांवर पडत होता, तेवढाच. मॅटचा दुसरा काठ अंधारात. त्याने दाब दिला की तिकडूनही दाब येत होता. तो थोडा थांबला. गुंडाळी थांबली. तिरकी झाली नाही. त्याने पुन्हा हात लावले, गुंडाळी पुन्हा चालू लागली. ओल्या काथ्याचा आवाज दोन ठिकाणांहून येत होता. एक त्याच्या हाताखालून. एक पलीकडून.

त्याने तिकडे बघितलं नाही. गुंडाळताना बघायचं नसतं. हात चुकतो.

त्याला आम्ही विचारलं, भीती वाटली नाही? म्हणाला, वाटायला हवी होती... वाटली नाही.

शेवटाला दोरी बांधली. आपल्या बाजूची गाठ मारली. मग उठला. ओली मॅट एकट्याच्या बापाच्यानेही उचलवत नाही. हे त्याला माहीत होतं. तरी तो पुढच्या टोकाला गेला, पाठ फिरवून वाकला आणि टोक खांद्यावर घेतलं.

मागचं टोक उचललं गेलं.

तो चालायला लागला. मागे पावलांचा आवाज नव्हता. वजन होतं, आणि ते त्याच्या पावलाबरोबर चालत होतं. अंधारात एक खड्डा आला. तो अडखळायच्या आत वजन डावीकडे सरकलं, आणि तोही डावीकडे सरकला. गाडीजवळ आला. टोक आत टेकवलं. बाजूला झाला. मॅट आत गेली. सावकाश. सगळी.

मग गाडी मागून खाली बसली. थोडीशी. माणूस चढतो तेव्हा बसते तशी.

त्याने दारं लावली. बाहेरून कडी घातली. पुढे येऊन बसला आणि गाडी सुरू केली.

मैदानाबाहेरचा रस्ता उखडलेला होता. गाडी उडत होती. तरी काहीतरी चुकत होतं. काय, ते त्याला लवकर कळेना. बंद पेट्रोल पंप मागे पडला. एक वळण गेलं, दुसरं गेलं... आणि मग त्याच्या लक्षात आलं.

ट्रे वाजत नव्हते.

एकही नाही. रस्ता तोच, खड्डे तेच, ट्रे रिकामे. आणि मागे चिडीचूप. दाजींना तो खडखडाट सहन व्हायचा नाही. ते मॅटवर बसायचे आणि दोन्ही हात पसरून दोन्हीकडचे रॅक धरून ठेवायचे, घरापर्यंत.

घरापर्यंत.

तिथे त्याला भीती वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गाडी कोपऱ्यावर जाईल. ताई जागी असेल. आवाज ऐकेल. कडी वाजायच्या आत दार उघडेल. खांद्यावरून मागे बघेल.

या वेळी मागे कुणी असेल.

त्याने गाडी हळू केली. हळू केली म्हणून काही होणार नव्हतं. बेकरीला जायचं तरी रस्ता घरावरूनच होता. आणि खरं सांगायचं तर, त्याने आम्हाला हेही सांगितलं... एकदा त्याच्या मनात आलं, जाऊ दे. नेऊ दे. तिला जायचंय. त्यांना न्यायचंय. आपण मध्ये कोण? मग त्याला पोरगी दिसली. आईच्या नाकापुढे हात धरून उभी असलेली.

कोपऱ्याच्या बराच अलीकडे, जिथून गाडीचा आवाज घरापर्यंत जात नाही, तिथे त्याने गाडी थांबवली. बंद केली. खाली उतरला. मागे गेला. कडी काढली. दोन्ही दारं उघडली.

आत काळोख. पावाचा वास. ओल्या काथ्याचा वास. मोबाईल खिशात उलटा करून ठेवला. उजेड नको होता.

मग तो चालत मागे गेला. पाठ न फिरवता. अंपायर उभा राहतो तितक्या अंतरावर थांबला.

"दाजी."

काही नाही.

"पोरगी लहान आहे."

काही नाही. कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं. तेही थांबलं.

"मी घरचाच माणूस आहे ना..."

त्याने उजवा हात वर केला. बोट वर केलं. आणि धरून ठेवलं.

किती वेळ... त्याला माहीत नाही. हाताला मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. हात आपला आहे की दुसऱ्याचा, ते कळेना. तो गाडीकडे बघत होता. अंधाराकडे.

गाडी मागून वर उचलली गेली. थोडीशी.

एक ट्रे वाजला. मग दुसरा. मग गप्प.

त्याच्या शेजारून काही गेलं का? नाही. वारा? नाही. तो म्हणाला, काहीही नाही. नुसतं कळलं, की आता समोर कुणी नाही.

त्याने हात खाली घेतला. दुसऱ्या हाताने धरून खाली घ्यावा लागला.

घरी गाडी गेली ती खडखडत गेली. सगळे ट्रे वाजत होते. ताई दारात उभी होती. खांद्यावरून मागे बघितलं. मग भावाकडे बघितलं.

"गाडीत कोण होतं?"

त्याने किल्ली खिशात टाकली.

"होते ना?"

"होते."

"मग?"

"आउट दिलं त्यांना," तो म्हणाला.

ताईने विचारलं, "गेले?"

"बोट बघितल्यावर ते थांबतात का कधी?"

ताई उंबऱ्यावर बसली. आणि तेव्हा ती रडली. हुंदके देऊन, तोंडावर पदर दाबून, आत पोरगी उठू नये म्हणून. इतक्या दिवसांचं सगळं. वेल्डर तिच्या शेजारी उभा राहिला. त्याला रडू आलं नाही. त्याने तिला पाणी दिलं. गाडी बेकरीत सोडून, बेकरीवाल्याबरोबर मॅट तिथेच उतरवून चालत घरी आला तेव्हा ताईने दोन पानं वाढून ठेवली होती. एक त्याचं, एक स्वतःचं. दोघं जेवले. तिने पुन्हा भात घेतला. तो बघत राहिला.

सकाळी दुसऱ्या मैदानावर बेकरीवाला आणि कंपाउंडर यांनी मॅट उलगडली. रात्रभराचं दव तिच्यात मुरलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी आणि ओली, पिळली तर पाणी निघेल इतकी. अंथरून झाली आणि कंपाउंडर एका टोकाशी उभा राहून खाली बघायला लागला. बेकरीवाला गेला. मग सगळे गेले.

क्रीजवर, जिथे बॅट्समन उभा राहतो तिथे, दोन जागा कोरड्या होत्या. पावलांएवढ्या. एक जरा पुढे, एक मागे. बाकी सगळी मॅट चिंब आणि तेवढ्या दोन जागा दुपारच्या उन्हात वाळल्यासारख्या. जणू दव पडत होतं तेवढा वेळ कुणी तिथे उभं होतं.

बेकरीवाला म्हणाला, रात्री कुणी बूट ठेवले असतील. त्याने मगाने त्यावर पाणी ओतलं. पाणी थेंब थेंब होऊन बाजूला घरंगळलं. वेल्डर वाकला, त्या जागेवर तळवा ठेवून बघितला आणि उठला. काय लागलं हाताला, ते त्याने कधी सांगितलं नाही.

ऊन आलं, मॅट वाळली. मग काही दिसेना. मॅच झाली.

ती मॅट अजून आहे. काठ उसवलेत, दोनदा शिवलेत. एरवी इतर मॅटसारखीच मॅट. ठोकायच्या आधी ती ताणली जावी म्हणून पाणी मारतात ना, तेव्हा बघावं. सगळी मॅट भिजते...

आणि क्रीजवर दोन कोरडी पावलं राहतात. एक जरा पुढे, एक मागे, बोलरच्या टोकाकडे खांदा करून बॅटिंगला उभं राहावं तशी.